टीव्ही बदलू की बॉक्स लावू?

प्रश्न : आमच्याकडे त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्ही आहे. घेऊन नऊ वर्षे झाली. चित्र अजूनही छान दिसते, पण त्यातली ॲप्स एकेक करून बंद पडत आहेत. काही उघडायला फार वेळ घेतात, तर काही ‘या उपकरणावर आता चालणार नाही’ असा संदेश देतात. यजमान म्हणतात नवा टीव्ही घेऊ, मुलगी म्हणते बॉक्स लावू. दिरांनी एक बॉक्स आणूनही दिला आहे. त्यात कोणतेही सदस्यत्व न घेता सगळे चित्रपट आणि सगळ्या वाहिन्या दिसतात असे ते सांगतात, पण तो लावायला माझे मन धजत नाही. टीव्ही सर्वाधिक पाहतात ते माझे सासरे. ते शहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना कमी ऐकू येते आणि दोन-तीन रिमोट सांभाळणे त्यांना जमत नाही. त्यांच्या वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्सही चालू ठेवायचा आहे. राउटर शेजारच्या खोलीत आहे. काय घ्यावे आणि कसे लावावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

टीव्ही बदलू नका, मुलीचे म्हणणे बरोबर आहे. स्मार्ट टीव्ही म्हणजे पडदा आणि एक छोटा संगणक यांची एकत्र बांधलेली जोडी असते, आणि या दोघांचे आयुष्य सारखे नसते. पडदा वर्षानुवर्षे टिकतो. संगणकाला मात्र कंपनी मोजकीच वर्षे अपडेट देते, आणि ॲप बनवणाऱ्या कंपन्याही जुन्या यंत्रणांसाठी वेगळी आवृत्ती कायम सांभाळत बसत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१० आणि २०११ सालच्या काही टीव्हींवर चालणे बंद केले; त्या टीव्हींचा पडदा शाबूत असला तरी आतली यंत्रणा मागे पडली होती. तुमच्याकडे आज तेच होत आहे. बाहेरून लावलेला बॉक्स या जुन्या संगणकाला बाजूला सारून त्याची जागा घेतो आणि टीव्हीचा उपयोग केवळ पडदा म्हणून करतो. त्यासाठी टीव्हीला एचडीएमआयचे एक मोकळे पोर्ट असले म्हणजे पुरते.

नवा टीव्ही ४के मिळेल, असा मुद्दा यजमान मांडतील, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. ४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. परंतु सर्वसाधारण चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनापर्यंतचाच तपशील सुटा ओळखता येतो, आणि त्या हिशेबाने त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके सुमारे १.७ मीटरपलीकडून वेगळे दिसत नाहीत. तुमची बैठक त्याहून लांब असेल, तर केवळ ठिपके वाढवून फारसे काही हाती लागणार नाही. एचडीआरमुळे उजेडात आणि रंगांत जो फरक पडतो तो लांबूनही जाणवतो हे खरे, पण तो पडदा मुळात चांगल्या प्रतीचा असेल तरच. स्वस्तातल्या ४के टीव्हीवर एचडीआर बहुतेक वेळा नावापुरते असते. तेव्हा पडदा बिघडेपर्यंत थांबण्यात तुमचे काहीही नुकसान नाही.

आता दिरांनी आणलेल्या बॉक्सविषयी. तो लावू नका. नात्यात अशी वस्तू नाकारणे अवघड जाते याची मला कल्पना आहे, म्हणून कारणे जरा विस्ताराने देत आहे, म्हणजे तुम्हाला ती त्यांच्यापुढे मांडता येतील. बहुतेक माणसे असा बॉक्स चांगल्या हेतूनेच आणतात, आणि त्यात काय दडलेले असते हे त्यांना विकणाऱ्याने सांगितलेले नसते.

अँड्रॉइडचा मूळ स्रोत कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्यामुळे एखादा कारखाना गूगलची कोणतीही चाचणी न देता त्यावर बॉक्स बनवून विकू शकतो आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘अँड्रॉइड’ असे छापूही शकतो. गूगलची परवानगी आणि तपासणी असलेला ‘अँड्रॉइड टीव्ही’ किंवा ‘गूगल टीव्ही’ ही निराळी गोष्ट आहे. जानेवारी २०२३ मध्ये एका सुरक्षातज्ज्ञाने स्वतः विकत घेतलेल्या अशाच एका स्वस्त बॉक्समध्ये आधीपासूनच भरून आलेला घातक प्रोग्राम शोधून काढला. त्याच वर्षी ‘बॅडबॉक्स’ या नावाने ओळखले जाणारे अशा उपकरणांचे जाळे उघडकीला आले, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’विषयी जाहीर इशारा दिला. हे बॉक्स मालकाच्या नकळत त्याच्या घरातले इंटरनेट परक्या लोकांना वापरायला देतात. कोणी दूरवर बसून एखादा गैरव्यवहार करतो आणि तो तुमच्या घरच्या जोडणीवरून झाल्याची नोंद राहते. बॉक्सवर चित्रपट व्यवस्थित चालू असतो, त्यामुळे घरात कोणाला संशय येत नाही. हा प्रोग्राम बॉक्सच्या मूळ यंत्रणेतच मुरलेला असल्यामुळे ‘फॅक्टरी रिसेट’ करूनही तो जात नाही.

प्रत्येक अनोळखी बॉक्स असाच असतो असे माझे म्हणणे नाही. पण घरी बसून तुम्हाला ते तपासता येत नाही, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरच निर्णय घ्यावा लागतो. त्या खुणा पुरेशा स्पष्ट असतात. बॉक्स सुरू केल्यावर टीव्हीच्या मांडणीऐवजी टॅब्लेटसारखा पडदा येतो आणि रिमोटने बाण सरकवावा लागतो. ॲप्स घेण्यासाठी कधी न ऐकलेल्या नावाचे दुकान दिसते. एखादे ॲप चालवण्यापूर्वी ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे ॲप्स घातक आहेत का हे तपासणारी गूगलची सोय, बंद करायला सांगितले जाते. आणि सर्वांत मोठी खूण तुम्हीच पत्रात लिहिली आहे : सदस्यत्वाशिवाय सगळे काही. ज्याचे हक्क कोणाकडून तरी विकत घ्यावे लागतात ते सगळे एका बॉक्समध्ये विनामूल्य मिळते, तेव्हा ते हक्क कोणीही घेतलेले नसतात.

शिवाय अशा बॉक्सवर अधिकृत सेवाही धड दिसत नाहीत. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारख्या सेवा चित्र पाठवताना ते कुलूपबंद करून पाठवतात. अँड्रॉइडवर या कुलपाचे नाव वाइडव्हाइन असे आहे. त्याची ‘एल१’ ही पातळी असलेल्या उपकरणालाच एचडी किंवा ४के चित्र दिले जाते. ‘एल३’ असेल तर सुमारे ४८० ओळींच्या चित्रावर भागवावे लागते. खोक्यावर ‘८के’ छापलेला बॉक्स नेटफ्लिक्स अंधुक दाखवतो, त्यामागे हे कारण असते.

तो बॉक्स आधीच जोडून पाहिला असेल, तर काढून ठेवा. त्यावर ज्या ज्या खात्यात प्रवेश केला असेल त्यांचे पासवर्ड बदला, ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय निवडा आणि वायफायचा पासवर्डही बदला. तो दुसऱ्या कोणाला देऊ नका, ई-कचऱ्यात द्या.

आता कोणता घ्यावा. बॉक्सची तुलना करताना लोक प्रोसेसरचे आणि मेमरीचे आकडे पाहतात. मी मात्र आधी दोन प्रश्न विचारायला सांगेन : तो रिमोट दिवसभर कोणाच्या हातात असणार आहे, आणि ही कंपनी पुढची काही वर्षे या बॉक्सला अपडेट देत राहील का? तुमच्या टीव्हीची जी गत झाली तीच चार वर्षांनी बॉक्सची होऊ नये, म्हणून दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे तो तुमच्या सासऱ्यांमुळे.

जाणत्या कंपन्यांचे चार परिवार आहेत : गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीवर चालणारे बॉक्स, ॲमेझॉनचे फायर टीव्ही, ॲपल टीव्ही ४के आणि रोकू. सगळे सगळ्या देशांत मिळत नाहीत. खरेदीपूर्वी घरात जी ॲप्स खरोखर लागतात त्यांची यादी करा आणि त्यांतले प्रत्येक ॲप त्या बॉक्सच्या स्वतःच्या दुकानात आहे का ते पाहा. मोठ्या सेवा सगळीकडे असतात. अडते ते एखाद्या लहान भाषिक सेवेपाशी, आणि नेमकी तीच घरातल्या वडीलधाऱ्यांना हवी असते. घरात सगळ्यांचे फोन ॲपलचे असतील आणि खर्चाची अडचण नसेल, तर ॲपल टीव्ही हा वेगवान आणि दीर्घकाळ अपडेट मिळणारा पर्याय आहे. एरवी, तुमच्या गरजा पाहता, तपासणी झालेला गूगल टीव्ही बॉक्स किंवा फायर टीव्ही स्टिक (थेट एचडीएमआय पोर्टात बसणारा काडीसारखा छोटा बॉक्स) यांतले काहीही चालेल. गूगलचा शिक्का असलेल्या कंपन्यांची यादी अँड्रॉइड टीव्हीच्या अधिकृत संकेतस्थळावर असते, ती पाहून घ्या.

तुमचा टीव्ही फुल एचडी असला तरी बॉक्स शक्यतो ४के प्रकारातला घ्या. तो फुल एचडी टीव्हीवर विनातक्रार चालतो. केवळ फुल एचडीसाठी बनवलेल्या स्टिकमध्ये बहुधा कमी ताकदीचा प्रोसेसर आणि कमी मेमरी असते, आणि तीच सर्वांत आधी रेंगाळू लागते. मेमरी किमान २ जीबी असावी. साठवण ८ जीबी असली तरी चालते, पण त्यातला मोठा भाग यंत्रणाच व्यापत असल्यामुळे दहा-बारा ॲप्सनंतर जागेची कुरकुर सुरू होते. १६ किंवा ३२ जीबी मिळत असेल तर उत्तम. ‘एव्ही१’ या २०१८ साली आलेल्या पद्धतीचे चित्र उलगडण्याची सोय आहे का, हेही पाहावे, कारण त्या पद्धतीत तेवढेच चांगले चित्र कमी डेटात येते आणि मोठ्या सेवा तिच्याकडे वळत आहेत. याहून अधिक आकड्यांत शिरण्याची तुम्हाला गरज नाही.

जोडणीकडे वळण्यापूर्वी एकदा टीव्हीच्या मागची बाजू विजेरीच्या उजेडात पाहून घ्या. एचडीएमआयची पोर्टे बहुधा दोन किंवा तीन असतात आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरांत क्रमांक लिहिलेला असतो. एखाद्या पोर्टाशेजारी ‘एआरसी’ अशी अक्षरे असतील, तर ते पोर्ट मोकळे ठेवा. पुढेमागे साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्यायचा झाल्यास तो तिथेच लावावा लागतो. सेट-टॉप बॉक्स आणि नवा बॉक्स यांना उरलेली पोर्टे द्या, आणि पोर्ट दोनच असतील तर एआरसीचेही वापरायला हरकत नाही. कोणता बॉक्स कोणत्या क्रमांकावर आहे ते लिहून ठेवा. बऱ्याच टीव्हींमध्ये इनपुटला नाव देता येते. ‘एचडीएमआय २’ याऐवजी ‘चित्रपट’ असे नाव दिसले, तर सासऱ्यांना ते पटकन कळेल.

वीज कुठून द्यायची ही बाब क्षुल्लक वाटते, पण स्टिकच्या निम्म्या तक्रारी मला तिथेच सापडतात. स्टिकची वायर टीव्हीच्या यूएसबी पोर्टात बसते, म्हणून लोक ती तिथे लावतात आणि ॲडॉप्टर खोक्यातच राहतो. त्या ॲडॉप्टरवरचे बारीक अक्षर वाचा : ५ व्होल्ट, १ अँपिअर किंवा त्याहून अधिक असे काहीतरी असेल. टीव्हीचे यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार अर्धाच अँपिअर देते. मग मुख्य पडदा नीट दिसतो, पण चित्रपट ऐन रंगात आल्यावर स्टिक बंद पडून पुन्हा सुरू होते, कारण काम वाढले की तिला वीज अपुरी पडते. दुसरे असे की टीव्ही बंद केल्यावर बहुतेक टीव्हींचे यूएसबी पोर्टही बंद होते. त्यामुळे दर वेळी स्टिक पहिल्यापासून सुरू व्हायला वेळ लागतो, आणि रात्री आपोआप होणारी अपडेट्सही होत नाहीत. तेव्हा स्टिक असो वा बॉक्स, त्याला स्वतःच्या ॲडॉप्टरनेच भिंतीवरच्या सॉकेटमधून वीज द्या.

राउटर शेजारच्या खोलीत आहे, म्हणजे मध्ये भिंत आहे. वायफायच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून अधिक पलीकडे पोहोचते, पण तिच्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची आणि मायक्रोवेव्हचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, मात्र भिंतीने लवकर मंदावते. मध्ये एकच भिंत असेल, तर ५ गिगाहर्ट्झवर बहुधा काम होते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा फोन हातात घेऊन टीव्हीच्या अगदी शेजारी उभ्या राहा आणि तिथे वेग मोजा. राउटरपाशी मोजलेला वेग इथे निरुपयोगी आहे. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. तुम्हाला फुल एचडीच पाहायचे आहे, तेव्हा टीव्हीपाशी सातत्याने १०-१५ एमबीपीएस मिळत असेल, तर घरातले इतर फोन चालू असतानाही अडचण येऊ नये. वेग कमी पडला तर आधी राउटर कपाटातून किंवा जमिनीवरून उचलून उंचावर, मोकळ्या जागी ठेवून पाहा. स्टिक थेट टीव्हीच्या पाठीत खुपसली की टीव्हीचे धातूचे भाग वायफायच्या आड येतात. त्यासाठीच स्टिकबरोबर बोटभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर अनेकदा दिलेली असते. ती वापरून स्टिक कडेला घ्या. एवढ्यानेही भागले नाही तर केबल ओढावी, त्यासारखा खात्रीचा उपाय नाही. बॉक्सला इथरनेटचे पोर्ट असेल तर उत्तमच, नसेल तर त्यासाठी वेगळा जोड मिळतो, आणि १०० एमबीपीएसची साधी जोडणीसुद्धा ४केला पुरून उरते.

चित्रपट सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदे चित्र जरा धूसर दिसले, तर ते बिघडले असे समजू नका. मिळणाऱ्या वेगाचा अंदाज घेत सेवा आधी हलके चित्र पाठवते आणि मग प्रत वाढवत नेते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर बॉक्स अपडेट मागेल. ते पूर्ण होऊ द्या, नंतर पुन्हा तपासा, कारण एकामागोमाग दोन-तीन अपडेट्स येऊ शकतात. त्यानंतरच ॲप्स घ्या. खात्यात प्रवेश करताना पडद्यावर एक संकेतांक येतो आणि तो फोनवर कोणत्या पत्त्यावर भरायचा हेही तिथेच दिसते. तो पत्ता पडद्यावर पाहून जसाच्या तसा टाइप करा, शोधयंत्रात शोधू नका. ‘बॉक्स सुरू करून देतो’ असे सांगून पैसे उकळणारी खोटी पाने आणि खोटे मदत-क्रमांक शोधात वर आणून ठेवलेले असतात आणि वयस्क माणसे त्यांना बळी पडतात. कोणताही अधिकृत बॉक्स सुरू करण्यासाठी शुल्क लागत नाही. खरेदीसाठी पिन लावून ठेवा, म्हणजे चुकून बटण दाबले गेल्यामुळे चित्रपट भाड्याने घेतला जाणार नाही.

आता सासऱ्यांच्या रिमोटचे पाहू, कारण हे नीट जमले नाही तर बाकी सगळे केलेले वाया जाईल. एचडीएमआय वायरीतून चित्र आणि आवाजाबरोबर आज्ञाही जाऊ शकतात. या सोयीचे नाव सीईसी. कंपन्यांनी तिला आपापली नावे दिली आहेत : सॅमसंगच्या टीव्हीत ती ‘ॲनीनेट प्लस’ म्हणून सापडते, एलजीत ‘सिम्पलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती शोधून चालू करा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्येही चालू करा. मग बॉक्सच्या रिमोटवरचे ‘होम’ बटण दाबले की टीव्ही आपोआप सुरू होतो आणि योग्य इनपुटवरही येतो. नऊ वर्षे जुन्या टीव्हीत सीईसी बहुधा असते, पण कधी कधी ते हवे तसे वागत नाही. तसे झाले तर बॉक्सच्या रिमोटवरची आवाजाची आणि चालू-बंदची बटणे इन्फ्रारेडवर चालवता येतात, त्यासाठी सेटिंगमध्ये टीव्हीच्या कंपनीचे नाव निवडावे लागते. इथे एक फरक लक्षात ठेवा. यांतले बरेचसे रिमोट बॉक्सशी ब्लूटूथने बोलतात, म्हणून बॉक्स टीव्हीमागे लपला तरी चालतो. आवाजाचे बटण इन्फ्रारेडवर असेल, तर रिमोट टीव्हीच्या दिशेनेच धरावा लागतो. ‘ॲप चालते पण आवाज वाढत नाही’ अशी तक्रार आली, तर आधी हे पाहा.

सेट-टॉप बॉक्सवर परतण्याचा प्रश्न उरतो. जुने सेट-टॉप बॉक्स सीईसीला बहुधा दाद देत नाहीत, त्यामुळे तिथे टीव्हीच्या रिमोटवरचे ‘सोर्स’ बटण लागतेच. दोन उपाय आहेत. सासरे पाहतात त्या वाहिन्या एखाद्या अधिकृत ॲपवर थेट प्रक्षेपणात मिळतात का ते पाहा. मिळत असतील तर काही आठवडे त्यांना दोन्ही उपलब्ध ठेवा आणि त्यांना सोयीचे काय वाटते ते त्यांनाच ठरवू द्या. नसेल तर टीव्हीच्या रिमोटवर फक्त ‘सोर्स’ बटणाभोवती रंगीत पट्टी चिकटवा. सेट-टॉप बॉक्स त्यांच्या सवयीचा आहे आणि तो आग्रहाने काढून घेऊ नये, असे मला वाटते.

मुख्य पडद्याची गर्दीही कमी करा. गूगल टीव्हीमध्ये ‘फक्त ॲप्स’ अशी सोय आहे. ती चालू केली की सुचवलेल्या चित्रपटांच्या रांगा जातात आणि आपण बसवलेली ॲप्सच समोर राहतात. मात्र ती चालू केली की बोलून शोधण्याची सोयही जाते. सासऱ्यांना टाइप करणे कठीण आणि बोलणे सोपे वाटत असेल, तर ही सोय वापरू नका. त्याऐवजी त्यांची तीन-चार ॲप्स रांगेत पहिली आणून ठेवा आणि नको असलेली काढून टाका. त्यांच्यासाठी वेगळे प्रोफाइल करा, म्हणजे नातवंडांनी पाहिलेले त्यांच्या यादीत मिसळणार नाही.

ऐकू कमी येण्यावर बॉक्समुळे खरोखर मदत होऊ शकते. चित्रपटांचा आवाज पुष्कळदा ५.१ पद्धतीचा, म्हणजे खोलीभर मांडलेल्या सहा स्पीकरसाठी वाटलेला असतो आणि त्यातले संवाद मधल्या, स्वतंत्र स्पीकरसाठी असतात. टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरमधून तो ऐकला की पार्श्वसंगीत आणि आदळआपट मोठी होते, बोलणे मात्र दबते. बॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ निवडा, आणि ॲपमध्ये त्याच भाषेचे स्टिरिओ आणि ५.१ असे दोन पर्याय असतील, तर तिथेही स्टिरिओच घ्या. मोठे आवाज दाबणारे किंवा संवाद उठावदार करणारे सेटिंग काही बॉक्समध्ये असते. ॲपल टीव्हीत दोन्ही आहेत. ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो, पण तो जोडला की बहुधा टीव्हीचा आवाज बंद होतो आणि इतरांना ऐकू येत नाही, म्हणून तो ते एकटे पाहत असतानाच उपयोगी. उपशीर्षकांचा आकार आणि रंग बदलता येतो. काळ्या पट्टीवर मोठी पिवळी अक्षरे वयस्क डोळ्यांना मानवतात. आणि एवढे करूनही संवाद कळत नसतील, तर पैसे नव्या टीव्हीपेक्षा चांगल्या साउंडबारवर खर्च करा. त्यांच्या रोजच्या पाहण्यात त्याने जो फरक पडेल तो ४के पडद्याने पडणार नाही.

चित्राबाबत थोडेच सांगायचे आहे. टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय निवडा, नाहीतर कडा कापल्या जातात आणि खालची उपशीर्षके अर्धवट दिसतात. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्हीला बहुधा सेकंदाला ६० चित्रे पाठवली जातात. मग एक चित्र तीन वेळा, पुढचे दोन वेळा असे दाखवून हिशेब जुळवावा लागतो. कॅमेरा संथपणे आडवा फिरताना इमारतींच्या उभ्या कडा किंचित अडखळतात ते यामुळे. ‘मॅच फ्रेम रेट’ असे सेटिंग बॉक्समध्ये असेल आणि टीव्हीने साथ दिली, तर हे अडखळणे जाते; मात्र चित्रपट सुरू होताना क्षणभर पडदा काळा होतो. सासरे त्याने गोंधळत असतील, तर ते बंदच ठेवा.

बॉक्स लागला की टीव्हीचे स्वतःचे वायफाय बंद करा. त्याच्या जुन्या यंत्रणेला आता सुरक्षेची अपडेट्स मिळत नसणार. शिवाय अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चालले आहे हे ओळखून ती माहिती कंपनीकडे पाठवतात. याच कारणावरून २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीला अमेरिकेत २२ लाख डॉलर भरावे लागले होते. एचडीएमआयमधून येणारे चित्रही टीव्हीला ओळखता येते, पण त्याला इंटरनेटच मिळाले नाही तर ती माहिती बाहेर जात नाही. बॉक्सच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींसाठी ओळख वापरण्याची परवानगीही काढून घ्या.

बॉक्स परत करण्याची मुदत किती आहे हे घेतानाच विचारा, आणि त्या मुदतीत त्याची सगळी परीक्षा उरकून घ्या. तुमचे प्रत्येक ॲप एकदा उघडून त्यात काहीतरी दहा मिनिटे पाहा. एक पूर्ण चित्रपट मध्ये न थांबता चालवा, म्हणजे विजेची किंवा वायफायची उणीव असेल तर उघड होईल. शेवटी रिमोट सासऱ्यांच्या हातात द्या, टीव्ही बंद करा आणि त्यांनाच तो चालू करून त्यांचा कार्यक्रम लावायला सांगा. ते जिथे अडतील तिथे त्यांच्या हातातला रिमोट घेऊ नका. कोणते बटण सापडले नाही ते विचारा आणि त्याप्रमाणे मांडणी बदला. दोन-तीन दिवस ते आपणहून पाहू शकले, तर खोके आणि पावती कपाटात ठेवायला हरकत नाही. नाही जमले, तर मुदत संपायच्या आत तो परत करा आणि दुसऱ्या परिवारातला बॉक्स आणून हीच परीक्षा पुन्हा घ्या.